चौथ्या प्लगचा पीळ

फाटकातून आत शिरताना गाडी दोनदा खाकरायची. एकदा जरा मोठ्यानं, आणि लगेच दुसऱ्यांदा बारीक, घशातल्या घशात. ख्खं... खं. अगदी बाबांसारखी! बाबा कामावरून परतले की दाराबाहेर बूट काढता काढता असंच खाकरायचे. घरातल्यांनी ओळखावं की स्वारी आली, टीव्हीचा आवाज कमी करा, आणि कोणी रुसून बसलं असेल तर त्यानं आत्ताच काय ते आवरून घ्यावं. बाबा गेले त्याला एक अख्खा हिवाळा उलटून गेला होता. खाकरणं मात्र रोज संध्याकाळी घरी येतच होतं.

धाकटीनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती टीव्ही लावून गणितं सोडवत बसली होती. (गणितं अशीच सुटतात, असं तिचं ठाम मत.) आवाज आला आणि तिचा हात आपसूक रिमोटकडे गेला. आवाज कमीसुद्धा केला तिनं! मग आठवलं, आणि मानेवर सरसरून काटा आला. आई गाडी लावून आत आली, किल्ली खुंटीला अडकवली आणि सहज म्हणाली, "आधी हात धुवा."

"धुतलेत मी," धाकटी म्हणाली.

"तुला नाही गं," असं म्हणून आई स्वयंपाकघरात गेली.

बस्स. त्या संध्याकाळपासून धाकटी टीव्हीचा आवाज कमीच ठेवायला लागली.

थोरली ताई नोकरीसाठी लांब राहायची, तेव्हा घरात धाकटी आणि आई दोघीच. दोघीच म्हणायचं खरं, पण बाबा घरातून पुरते हलले होते कुठे? बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होते. मोठाल्या नळांवरची लोखंडी चाकं उघडायची आणि बंद करायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. "गळती म्हणजे चोरी," असं ते म्हणायचे, आणि ती चोरी त्यांनी स्वतःच्या घरात थेंबभरही होऊ दिली नाही. जामची बरणी असो, बूटपॉलिशची डबी असो, अंगणातला नळ असो की टूथपेस्टचं टोपण. बंद केलं की वर शेवटी दात आवळून म्हणायचे, "अजून एक पीळ!" मग ते झाकण उघडायला कोणी मायेचा पूत जन्माला यायचा होता. ताई म्हणायची, आपल्याकडे जाम खायचा तर आधी व्यायामशाळेत नाव घालावं लागतं.

बाबा गेले तेव्हा त्यांनी बंद केलेलं जे जे होतं ते तसंच राहिलं. आईनं नवीन जाम आणला, जुनी बरणी फळीवर तशीच. अंगणातल्या नळाला हात लावायचा नाही, बादली आतून भरून न्यायची. "राहू दे ते. त्यांनी लावलंय," एवढंच म्हणायची. सकाळी फडकं घेऊन त्या बरणीवरची, त्या डबीवरची धूळ पुसायची, पण अशी हलक्या हातानं, की झाकण केसभरही फिरू नये. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ नव्हताच, आणि पीळ तेवढा घरभर उरला होता. दुपारी घरात एकटं असलं की धाकटीला वाटायचं, प्रत्येक झाकणावर एकेक मूठ बसलीय. दिसत नाही, पण आवळून धरलंय.

आता गाडी. म्हातारी होती, दुधी रंगाची, आणि बाबांची लाडकी. आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुकान सुटलं की घरी यायची आणि पुन्हा किल्ली उचलायची. "जरा फिरवून आणते. उभी राहून बॅटरी उतरते." रोज! बॅटरी उतरायची भीती कोणाला रोज वाटते? एका संध्याकाळी धाकटी दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसली. आईनं किल्ली फिरवली. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, दोघांच्या बोलण्यात तिसरं माणूस येऊन टपकलं की येतं तसं.

गाडी नदीवरच्या पुलाशी आली. पुलाला मधे चांगला चढ होता. चढ लागला आणि म्हातारी थरथरायला लागली. धक्का, अडखळणं, पुन्हा धक्का. आणि मग बॉनेटखालून ते आलं. ख्खं... खं.

आईनं गाडीचा वेग कमी केला. मुद्दाम! कान देऊन, मान जराशी कलती करून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हं. बोला."

गाडी आचका देऊन बंद पडली. ऐन चढावर, पुलाच्या मधोमध. मागे ट्रक होता. त्याचे ब्रेक असे किंचाळले, की धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. आरशात नुसती ट्रकची जाळी दिसत होती, दुसरं काही नाही. ड्रायव्हर अर्धा खिडकीबाहेर येऊन ओरडला, "ओ बाई! पूल काय माहेरचा आहे? बसलाय ते निवांत!"

आईनं सावकाश किल्ली फिरवली. घाई नाही, घाम नाही. माथ्यावर नेऊन गाडी वळवली आणि घरचा रस्ता धरला. पलीकडे उतरलीच नाही.

"अशी रोज बंद पडते?" धाकटीनं विचारलं.

"रोज नाही," आई म्हणाली. "कधी कधी जास्त वेळ थांबतात."

थांबते नाही म्हणाली ती. थांबतात म्हणाली.

त्या रात्री धाकटीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. एका बाजूला ट्रकची ती जाळी, दुसऱ्या बाजूला बाबांचं खाकरणं. गाडी नीट केली तर बाबांचा आवाज कायमचा बंद, आणि तो आपल्या हातानं बंद. नाही केली तर एक दिवस ट्रकचे ब्रेक लागणार नाहीत. सकाळपर्यंत तिचं ठरलं होतं. बाबा एकदा गेले होते. आई अजून होती.

शाळा सुटल्यावर ती स्पेअरपार्टच्या दुकानात गेली. दुकानदार काका एका डोळ्यानं मोबाईल बघत होते.

"काका, गाडी खाकरते."

"खाकरते? कोणाला हाक मारते काय?"

"चढावर. आणि बंद करताना, हळू झाली की. मधेच धक्के मारते."

"हां, मग असं सांग ना. प्लग गेलेत."

"गेलेत म्हणजे?"

"गेले म्हणजे गेले! गेलेले परत येतात होय? नवीन टाकायचे." काका हसत हसत वर बघायला लागले, ती कोणाची मुलगी ते त्यांना दिसलं, आणि हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी उगाच काउंटर पुसला. मग खालून चार डब्या काढल्या आणि मऊ आवाजात म्हणाले, "मागचे चार तुझे बाबाच घेऊन गेले होते. मी घसा फोडून सांगत होतो, साहेब, हातानं बसवा, पान्यानं नुसता अर्धा फेरा. ऐकतील तर शपथ! इंजिनाचं डोकं मऊ धातूचं असतं पोरी. जास्त आवळलं की काढताना प्लग भोकातले आटे सोबत घेऊन येतो. नाहीतर वरची चिनीमाती तुटते आणि बूड आत राहतं. मग गाडी घरी नीट होत नाही, आणि कधी कधी कुठेच होत नाही. मेकॅनिककडे टाका ना."

"आई किल्ली देणार नाही."

काकांनी प्लग काढायचा लांब पाना स्वतःच्या पेटीतून काढून दिला. "थंड गाडीवर कर. आणि दोन्ही हातांनी नको, डोक्यानं कर."

सुट्टीच्या दुपारी आई खिडकीचा पडदा ओढून आडवी झाली. धाकटीनं किल्ली खिशात टाकली, उगाच कोणी गाडी सुरू करायला नको म्हणून, आणि बॉनेट उघडलं. भीती होती, पण खोटं कशाला बोला, पोटात थोडं गुदगुल्या झाल्यासारखंही होत होतं. इतकी वर्षं या इंजिनाशी तिचं काम एकच. टॉर्च धरायचा. बाबा वाकलेले, आणि ती बाजूला टॉर्च घेऊन उभी. "प्रकाश इंजिनावर पाड, माझ्या नाकावर नको! माझं नाक चालू आहे!" आज टॉर्च तिनं दोरीनं बॉनेटला टांगला. तो कोणाच्या नाकावर पडणार नव्हता.

चार वायरी चार प्लगांवर बसलेल्या. अदलाबदल झाली की संपलं, म्हणून तिनं प्रत्येक वायरीला आपलं केसांचं रबर बांधलं. पहिल्या खड्ड्याला लाल, दुसऱ्याला निळं, तिसऱ्याला पिवळं आणि चौथ्याला ते चमकीवालं, जे शाळेत चालत नाही. मग सायकलचा पंप आणला आणि प्लगांभोवतीची धूळ फुंकून काढली, नाहीतर प्लग निघाला की ती सरळ इंजिनाच्या पोटात. स्वतःवरच इतकी खूश झाली ती, की बोलायला कोणी हवं होतं.

पहिला प्लग. पाना बसवला, ओढलं. हलेना. दांड्यात पाईपचा तुकडा घालून दांडा लांब केला, पाय रोवले आणि अंगाचा भार टाकला. कर्र्र. असा काही आवाज झाला की दातांत कळ गेली. प्लग सुटला, आणि रिकाम्या भोकातून हलकेच हुश्श झालं. श्वास सोडावा तसं. पेट्रोलचा, जुन्या उन्हाचा, काळ्या तेलाचा वास आला. बाबांच्या कामाच्या शर्टाचा वास. धाकटीनं नाक मुरडलं नाही, ती तो वास संपेपर्यंत घेत राहिली.

प्लगचं टोक झिजून बोथट झालं होतं, मधली फट रुंदावली होती, आणि सगळीकडे काजळी. दुसराही तसाच. तिसरा तर म्हाताऱ्याच्या दातासारखा पिवळा. तीन फेऱ्यांत इतकं दमायला झालं तिला, की तीन हात असते तर तिन्ही दुखले असते. बरं होतं की हात दोनच होते.

चौथा प्लग सगळ्यात मागे, अंधारात. पाना बसला. तिनं ओढलं. काहीच नाही. पाईप लावला, ओढलं. काही नाही. एक पाय बंपरला लावला, डोळे मिटले, आणि जीव खाऊन ओढलं. तेव्हा तिला ते जाणवलं. प्लग नुसता अडकलेला नव्हता. पलीकडून कोणीतरी धरलं होतं. ती जेवढं ओढत होती तेवढंच, बरोब्बर तेवढंच, ते तिकडे आवळत होतं. रस्सीखेचीत समोरचा आपल्यापेक्षा ताकदवान आहे आणि फक्त आपली गंमत बघतोय हे जसं हातालाच आधी कळतं, तसं.

"बाबा," ती दात आवळून म्हणाली, "सोडा ना."

ख्खं.

जवळून. अगदी कानाशी. वायरी निघालेल्या, तीन प्लग ट्रेमध्ये, किल्ली तिच्या खिशात. पाना हातातून सुटून खणखणला. ती गर्रकन वळली.

पायरीवर आई उभी होती.

"तू... तू खाकरलीस का आत्ता?"

"नाही," आई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणजे तिनंही ऐकलं होतं. मग तिची नजर ट्रेवर गेली. "काय चाललंय हे?"

"प्लग बदलतेय."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

आई खाली आली. ट्रेमधले तिन्ही प्लग उचलले आणि मुठीत धरले. काजळी बोटांना लागली, ओढणीला लागली, तिला भान नव्हतं. "हे त्यांनी बसवले होते."

"माहितेय."

"माहीत असून? घरात एवढ्या वस्तू आहेत, मी एकीला तरी हात लावू दिलाय? तुला मी आजवर काही कमी केलं? एवढं एक मागितलं नव्हतं का मी, की राहू द्या?"

"ट्रक होता आई मागे!" धाकटीचा बांध फुटला. "बरणी बंद राहिली तर जाम वाया जाईल, बाकी काही नाही. पण गाडी पुलावर बंद पडते! तू तिथे बसून 'बोला' म्हणतेस आणि मागून ट्रक येतो! बाबा गेले. आता तू पण निघालीस का त्यांच्यामागे? मग मी काय करू? मी कोणाशी भांडू? नापास झाले तर मला ओरडणार कोण?"

शेवटचं वाक्य कुठून आलं कोण जाणे. ते ऐकून आई पायरीवर टेकली.

बॉनेटखाली काही तरी टिक टिक वाजत होतं. गाडी तर कालपासून थंड होती.

"त्या सकाळी थर्मास उघडत नव्हता," आई म्हणाली. मान खाली, मुठीतल्या प्लगांशी बोलावं तशी. "त्यांनी धुऊन, भरून, आवळून ठेवला होता माझ्यासाठी. मला दुकानाला उशीर झालेला. मी चिडले. एवढी चिडले, की काही विचारू नकोस. ते दारात उभं राहून म्हणाले, येतो. आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. बघितलंसुद्धा नाही. ते पुन्हा म्हणाले, येतो हं. मी थर्मासशी झटापट करत राहिले." तिनं मुठीतले प्लग फिरवले. "येतो म्हणाले गं ते. जातो नाही म्हणाले. आणि मी 'या' म्हटलं नाही. मग ते कसे जाणार, आणि कसे येणार? मधेच अडकलेत. पंपघर पुलाच्या पलीकडे, घर अलीकडे. म्हणून मग तिथेच... चढावर."

धाकटीच्या अंगावर शहारा आला. "मग तू रोज तिथे जाऊन म्हणतेस का? या म्हणून?"

"म्हणायलाच जाते. पण आवाज आला की वाटतं, आपण म्हटलं की हे संपलं. मग म्हणत नाही. उद्या म्हणू, असं करते." आई हसली. रडण्यापेक्षा वाईट हसू. "ते नाही अडकले, मीच अडकवलंय."

धाकटीनं खाली पडलेला पाना उचलला, फडक्यानं पुसला, आणि कळेना की परत पेटीत ठेवावा की पुढे करावा. तिनं तो नुसता दोघींच्या मधे पायरीवर ठेवला. "चौथा निघत नाहीये," ती म्हणाली. "जास्त ओढला तर तुटेल. मग गाडी गेलीच. तू सांग. तू नको म्हणालीस तर बाकीचे तीन होते तसे लावते."

आई बघत राहिली. पान्याकडे, मग बॉनेटच्या अंधाराकडे. शेवटी उठली, ओढणी कमरेला खोचली आणि वाकली.

"उलटं ओढतेयस म्हणून धरून ठेवलंय त्यांनी," ती म्हणाली. "हा माणूस ओढून कधी सुटलाय? आधी त्यांच्या बाजूनं जरा फिरवायचं."

"म्हणजे अजून आवळायचं? वेडी आहेस का? आटे जातील!"

"जरासं. केसभर. आपलंच ऐकलं असं त्यांना वाटू द्यायचं. मग आपल्या बाजूनं. पुन्हा त्यांच्या, पुन्हा आपल्या. घरातल्या एकूण एक झाकणाची युक्ती तीच. झाकणाचीच कशाला, त्यांची स्वतःचीही."

धाकटी बघतच राहिली. "म्हणजे तुला सगळं उघडता येत होतं?"

"लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून."

"मग त्या सकाळी थर्मास..."

"त्या सकाळी," आई म्हणाली, "मला त्यांच्या बाजूनं फिरवायचंच नव्हतं."

तिनं पाना धरला. दिवसभर चष्म्याचे मुंगीएवढे स्क्रू फिरवणारी ती बोटं, त्यांना कुठे किती जोर हे सांगावं लागत नव्हतं. केसभर पुढे. थांबली. केसभर मागे. थांबली. ओठ हलत होते, काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही. धाकटीनं टॉर्च सोडवून हातात घेतला आणि प्रकाश बरोबर पान्यावर धरला. पुढे. मागे. पुढे. आणि मग अगदी हळू, कुरकुर न करता, पीळ सुटला.

या वेळी हुश्श झालं नाही. नुसतं आत कुठेतरी काहीतरी सैल झालं.

आईनं प्लग उजेडात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत बारीक काळी चीर होती, केसासारखी. जास्त आवळल्यामुळे पडलेली. ठिणगी टोकाशी पोचायच्या आधी तिथूनच निसटत होती.

"इथून यायचं ते खाकरणं," धाकटी हळूच म्हणाली.

"त्यांच्याच हातची चीर," आई म्हणाली, आणि अंगठ्यानं ती पुसून पाहिली. गेली नाही.

नवीन प्लग धाकटीनं बसवले. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून, बोटांनी, म्हणजे आटे चुकीचे धरले तर नळीच घसरेल. मग पाना. पहिल्या प्लगला अर्धा फेरा झाला, आणि तिचा हात थांबेना. तिला थांबायचं होतं. पण मनगटावर काहीतरी येऊन बसलं, रुंद, उबदार, ओळखीचं, आणि दाबायला लागलं. अजून एक. अजून एकच पीळ.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "थांबत नाहीये."

आईनं तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवला. धाकटीच्या हातावर आता दोन हात होते, हे ती पुढे कधी कोणाला सांगणार नव्हती, कोणाला पटलं नसतं. "बास," आई म्हणाली. धाकटीला नाही. "लागलाय तो. लागला की थांबायचं असतं. दुकानात सांगते ना मी, चष्मा लोकांच्या नाकावर बसवायचा असतो, कवटीवर नाही."

दाब कमी झाला. मग गेला.

चारही प्लग बसले. चारही वायरी आपापल्या रंगाला गेल्या. आईनं धाकटीच्या खिशातून किल्ली काढली, चालकाच्या सीटवर बसली आणि फिरवली. दोघी थांबल्या. धाकटीला वाटलं, सुरूच झाली नाही. मग दिसलं की समोरच्या दिव्यावरची धूळ थरथरतेय. म्हातारी चालू होती! इतकी गुपचूप, इतकी एकसारखी, की अंगावर यावी. एवढी शांतता त्या अंगणानं कधी ऐकली नव्हती.

"बस आत," आई म्हणाली. "हात पूस आधी."

पुलावर गर्दी होती. चढ लागला. आईचा पाय सवयीनं सैल झाला, मान सवयीनं कलती झाली, आणि ती वाट बघायला लागली. धाकटीनंही श्वास धरला. किती वाईट असतं माणूस! जे बंद करायला एवढी खटपट केली, तेच यावं, एकदाच यावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

आलं नाही. गाडी निमूट वर चढत राहिली. मागच्यानं हॉर्न दिला. आईनं पाय दाबला आणि माथा आला, तिथे ती रोज वळायची. तिनं चाक धरलं, फिरवलं नाही. गाडी माथ्यावरून पलीकडे उतरायला लागली.

"आई? कुठे?"

नदी मागे पडली, दुकानं मागे पडली, आणि उंच भिंतीमागून पंपांची घरघर ऐकू यायला लागली. पंपघराचं लोखंडी फाटक. इथूनच बाबा त्या दिवशी आत गेले होते, आणि चालत बाहेर आले नव्हते. आई त्यानंतर इकडे फिरकलीच नव्हती. पंपघराची गाडी बाबांना घेऊन आली होती, तेवढंच.

तिनं गाडी फाटकासमोर थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. दोन्ही हात चाकावर, नजर समोर, फाटकाच्या गंजलेल्या गजांवर. तिन्हीसांज झाली होती, आत कोणी तरी दिवा लावला. आईचे ओठ उघडले, मिटले. पुन्हा उघडले.

"हो," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. दार लावायला आलेलं माणूस बोलतं तसं. "या."

काही झालं नाही. पंप घरघरत राहिले. आणि मग गाडीची मागची बाजू जराशी वर आली. मागच्या सीटवरून माणूस उतरला की उचलते तशी, तेवढीच, एकदाच. दार वाजलं नाही. धाकटी बसल्या जागी थिजली. तिनं आरशात बघितलं नाही. आईनंही नाही.

बऱ्याच वेळानं आईनं ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं. तिथे काजळी होती, ती गालावर उमटली.

"मागचं दार लागलंय ना गं?" तिनं विचारलं.

धाकटीनं मागे न बघता हात नेला आणि चाचपून पाहिलं. हात सीटला लागला, ती अजून कोमट होती.

"लागलंय," ती म्हणाली, आणि आईनं गाडी घराकडे वळवली.